साडूच्या ट्रॉलीतल्या होड्या

माझ्या साडूनं नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी पेढा खाल्ला, तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन बायकोशी विनाकारण भांडलो. खोटं कशाला सांगू? पोटात दुखत होतं. आमच्या दोघांच्याही आज्यांनी मेंढरांमागं रानं तुडवलेली, दोघांच्याही वाट्याला सारखीच जमीन आलेली. पण लोणी भापकरला त्याच्या दारात ट्रॅक्टर आणि ऊस वाहायच्या दोन ट्रॉल्या; काटेवाडीला माझ्या दारात एक लुना, तीही उतारावर ढकलली तरच चालू व्हायची.

ट्रॅक्टर एक वेळ मी पचवला असता. पचत नव्हतं ते आबांचं वागणं. आबा म्हणजे आमचे सासरे. माझे वडील लहानपणीच गेले, त्यामुळं मी थोरला जावई असलो तरी मनातनं त्यांचा मुलगाच होतो. त्यांनी एकदा, फक्त एकदाच, चार माणसांत माझ्याबद्दल बरं बोलावं एवढीच माझी भूक. पण त्यांच्या तोंडी सदानकदा धाकटा जावई. धाकट्यानं पाइपलाइन केली, धाकट्यानं गोठा बांधला. अहो, मी पण जिवंत होतो.

आबांचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्याच्या काठाला. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की पलीकडं त्यांच्या धरणात गेलेल्या जुन्या जमिनीचा एक तुकडा उघडा पडायचा. तिथं ते कलिंगडं लावायचे. रस्त्यानं वळसा घालून जायला अर्धा दिवस मोडायचा, पाण्यावरनं गेलं तर एक बिडी ओढून होईस्तोवर माणूस पोचायचा. म्हणून त्यांना होडी पाहिजे होती.

पंच्याण्णव-शहाण्णवचा उन्हाळा असेल. बारामतीत एकानं आपल्या तळ्यातलं बोटिंग बंद केलं आणि दोन होड्या विकायला काढल्या. फायबरच्या, वरनं उघड्या, लांबुळक्या, अरुंद, एका माणसापुरत्या. तो त्यांना कयाक म्हणायचा. ही खबर मी काढली, बोलणी मी केली, लुनावर चार हेलपाटे मी मारले. एक होडी बसायला आणि एक मागं बांधून कलिंगडं आणायला, असा हिशेबही मीच आबांना समजावून सांगितला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की आता काळजी नको, धाकट्याला निरोप धाडलाय, तो ट्रॅक्टर घेऊन येईल. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ठरल्या दिवशी साडू दोन्ही ट्रॉल्या एकामागं एक जोडून बारामतीत आला. येताना उसाचं वाळलेलं पाचट भरून आणलं होतं. पुढच्या ट्रॉलीत त्यानं पाचटाची गादी केली, तिच्यावर पहिली होडी उपडी घातली, दोर आवळले आणि मागं निघालेल्या टोकाला लाल फडकं बांधलं. सगळं कसं शांतपणे. त्याचा तो शांतपणाच मला जास्त झोंबायचा.

आमच्यात पाहुण्याच्या घरी रिकामं भांडं जात नाही. शेजारणीची वाटी परत करायची तरी बायको तिच्यात गुळाचा खडा टाकते. आणि हा सासऱ्याच्या दारात होडी न्यायला निघालेला, रिकामी आणि वर उपडी! मला आयतीच संधी मिळाली. दुसरी होडी मी मागच्या ट्रॉलीत उताणी ठेवायला लावली. ट्रॉलीपेक्षा ती लांब, म्हणून तिचं एक टोक मागच्या फाळक्याच्या पत्र्यावर टेकलं आणि पोट अधांतरी राहिलं. वाटेत काटेवाडीला ट्रॅक्टर थांबवून मी तिच्यात ज्वारीचं एक पोतं टाकलं, दोन गुळाच्या ढेपा ठेवल्या, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या.

"दाजी, वजन ट्रॉलीत ठिवू," साडू म्हणाला. "होडीत नगं. फायबर हाय ते."

मी त्याला सांगितलं की रीतभात मला शिकवू नकोस, तू फक्त ट्रॅक्टर हाक. त्यानं दोर तेवढे पुन्हा एकदा तपासले आणि जाऊन बसला.

मी मागच्या ट्रॉलीत होडीजवळ बसलो. लासुर्ण्याला चहा घेतला तोवर सगळं ठीक होतं. पुढं एका खड्ड्यात ट्रॉली आपटली आणि कडब्याखाली काडकन आवाज झाला. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? मी पोतं सरकवून बघितलं. होडीच्या बुडाला हातभर चीर गेली होती. त्याला हाक मारावी असं एकदा मनात आलं. पण मग त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं असतं, आणि ते मला नको होतं. मी पोतं पुन्हा चिरेवर सरकवलं.

काठावर निम्मा गाव जमला होता. साडूची होडी पाण्यात गेली आणि बदकासारखी तरंगली. मग माझी खाली घेतली. ज्वारी, गूळ, कडबा बघून आबांचा चेहरा खुलला. भरून आणली म्हणायची, असं ते शेजारच्या माणसाला म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. किती वर्षं मी त्या नजरेसाठी तरसलो होतो! आता सांगितलं असतं तर ती नजर गेली असती. बाकीच्यांनी सामान उतरवून होडी पाण्यात ढकलली. कडब्याच्या चुऱ्याखाली चीर कुणाला दिसली नाही, आणि मीही दाखवली नाही.

आबा हौसेनं स्वतः तिच्यात बसले. दहा-बारा हात गेले असतील, होडीत पाणी चढायला लागलं. पाणी कमरेइतकंच होतं, पण सत्तरीचा माणूस, धोतर पायात गुंतलेलं. ते कलंडले. मी चिखलात पाय रोवून उभा होतो तोवर साडू कपड्यांसकट पाण्यात शिरला आणि त्यांना धरून काठावर घेऊन आला.

आबा धापा टाकत होते. होडी उलटी करून त्यांनी चीर बघितली. मग विचारलं, "हे कुणाच्या हातनं झालं?"

साडूनं माझ्याकडं एकदा बघितलं.

"माझ्याच हातनं झालं, आबा," तो म्हणाला. "खड्डा दिसला न्हाय मला."

आता आबा त्याला झोडणार असं मला वाटलं. अगदी खरं सांगतो, तेवढ्यातही मला बरं वाटलं. पण आबांनी ओल्या हातानं त्याचा खांदा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "येवढ्या माणसांत आपली चूक आपल्या तोंडानं सांगायला छाती लागती. माझा ह्यो जावई सोन्यासारखा हाय."

लोकांनी माना डोलावल्या. साडू खाली बघत कपडे पिळत होता. ती चूक माझी होती. आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या कौतुकाजोगं काहीतरी माझ्या हातून घडलं होतं, आणि तेही तो घेऊन गेला होता. ते माझं आहे, असं म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.