खांबाला कान

मी नवरी म्हणून सिहोऱ्याजवळच्या या गावात उतरले तेव्हा सासरची झाडून सगळी माणसं दारात होती, एक सोडून. बॅण्डवाले जीव तोडून वाजवत होते आणि घराच्या कोपऱ्यावरच्या लोखंडी विजेच्या खांबाला एक उंच माणूस कान लावून उभा होता. नवा सदरा, कपाळाला गंध, डोळे मिटलेले. मला वाटलं, घेतलेली असणार. लग्नात असा एखादा असतोच. नणंद कानाशी लागून म्हणाली, "तो शालिक, तुमचा दीर. पेला-बिला नाई. त्याले हात नोको लावजा फक्त."

नात्याने धाकटे दीर, वयाने माझ्याच बरोबरीचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. धानाच्या रोवणीला त्यांच्यासारखी सरळ ओळ कुणाची नसे, पण डोळ्याला डोळा भिडवून बोलणं नाही. ताटात भाताला वरणाचा थेंब लागला तर ताट तसंच राहायचं. बोलायचे ते फक्त विजेवर. पाहुण्याने पाण्याचा गडवा तोंडाला लावायच्या आत विचारणार, "तुमच्या गावचा डीपी कोठी हाय?" ट्रान्सफॉर्मरची ही चौकशी ऐकून पाहुणा गोंधळून नोकरीधंद्याचं सांगायला लागला की भाऊजी उठून खांबाकडे चालते. मी विचारायची, "भाऊजी, जेवले का?" तर उत्तर यायचं, "आज तो जोरात बोलून राहिला, वैनी."

नावाने हाक मारली तर येत नसत. सासूबाई ओरडून दमायच्या. मीच एकदा गंमत म्हणून तोंड मिटून खांबासारखा सूर धरला, 'हंऽऽऽ', तर हा माणूस अंगण ओलांडून माझ्यासमोर येऊन उभा. तेव्हापासून जेवायला बोलवायची ती आमची रीत झाली. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, सुनबाई गाईसारखी हंबरते. हंबरू दे. भात गरम असताना माणूस पाटावर येत होता, मला तेवढं पुरे होतं.

त्यांना नागपूरच्या डॉक्टरला दाखवायचं मीच लावून धरलं. त्यांची तिशी उलटून गेल्यावर आमच्या घरात स्वमग्न हा शब्द आला. डॉक्टरांनी विचारलं, "हे खांबाचं केव्हापासून?" आमचे हे छताकडे बघायला लागले. सासूबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "याच्या आत्याच्या लग्नात जी. बोलतही नव्हता तवा. बॅण्ड सुरू झाला अन् यानं डोकसं भिंतीवर आपटनं सुरू केलं. मंग दिसेनाच. आमी विहीर पाह्यली, बोडीचं पानी पाह्यलं. अन् हा खांबाले मिठी मारून उभा. रडनं बंद, सारं बंद. तवापासून तो खांब त्याचा."

डॉक्टर मान हलवत राहिले. म्हणाले, "जिथे जिवाला थारा मिळाला तिथे जीव अडकला. ते काढून घेऊ नका. पण एक लक्षात ठेवा, त्यांना खांब नको आहे, तो आवाज हवा आहे. आवाज जिथून येईल तिथे ते जातील." परतीच्या एसटीत सासूबाई झोपल्या. मला मात्र झोप आली नाही. मी हळूच विचारलं, "आत काय हाय भाऊजी, खांबात?" खिडकीबाहेरच्या तारा बघत ते म्हणाले, "आत काई नाई. आत शांत हाय."

त्याच वर्षीपासून रानडुकरांनी उच्छाद मांडला. उन्हाळी धान हातातोंडाशी आलं की कळप उतरायचा आणि बांध्याच्या बांध्या, धानाचे वाफेच्या वाफे, लोळवून जायचा. आमच्या वावराला लागून देवाजीचं वावर. त्याने बांबूच्या खुंट्या रोवल्या, गुडघ्याखाली उघडी तार ओढली आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून तिच्यात वीज सोडली. बेकायदा आहे हे त्यालाही माहीत होतं. आमच्याकडे याला करंट लावणं म्हणतात आणि त्याचा एक शिरस्ता आहे. लावणारा दिवस बुडता बुडता दारोदार जातो आणि सांगतो, "आज करंट हाय, वावराकडं जाऊ नोका." सांगितलं की लावणारा मोकळा.

पहिल्या आठवड्यात आमचा कुत्रा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, वीज बंद असताना, भाऊजी त्या तारेजवळ उकिडवे बसून कान खाली नेत होते. मला बघून ते उठून आले नि म्हणाले, "हा मुका हाय."

मी घरी येऊन यांच्यापुढे आदळआपट केली. "उद्या तो बोलाले लागला त? देवाजीले सांगा, तार काढ म्हना."

हे हसले. भावावर यांचा फार जीव. गावभर अभिमानाने सांगत. "अवो, शालिकले करंट समजते. तुले-मले समजत नाई एवढा. तो कायले हात लावन?"

"समजते म्हनून दूर राह्यतेत का ते? आवडते ना त्यायले!"

"तू उगाच कायच्या काय घेऊन बसते," हे म्हणाले. गावातही सगळ्यांचं तेच मत. शालिकला करंट समजते. मी एकटीच सगळ्यांच्या तोंडी लागत राहिले.

मे महिन्यात गावात पाटलाच्या मुलाचं लग्न निघालं. बॅण्डचा जमाना गेला होता. तुमसरहून डीजे आणला. भिंतीएवढे डबे, पहिल्याच गाण्याला आमच्या फडताळातली भांडी वाजली. गाव सगळं मांडवात म्हणून देवाजीने दारोदार जायचा त्रास वाचवला. वीज दिवस बुडायच्या आधीच सोडून आला आणि पंगतीतच एकेकाच्या कानात सांगत फिरला. आमच्या यांनाही सांगितलं. हे वांग्याच्या भाजीवर ताव मारत म्हणाले, "आमचं कोन जाते वावरात?"

मी बायकांच्या पंगतीत वाढत होते, तिथे कुणीतरी करंटचं बोललं. हातातली बादली खाली ठेवून घरच्या कोपऱ्यावर आले, कारण असल्या गोंगाटात ते कुठे असणार हे मला ठाऊक होतं. खांबाजवळ कुणी नव्हतं. खांबाला हात लावून बघितला, तर डीजेच्या धक्क्याने खांबच थरथरत होता. त्यांचा थाराच उरला नव्हता. मग मी पायातली चप्पल कुठे सुटली ते न बघता वावराकडे धावले.

ऊन कलंडलं होतं, पण उजेड होता. ते देवाजीच्या धुऱ्यावर, बांधावरच्या तारेपाशी, उकिडवे बसलेले लांबूनच दिसले. हिरव्या धानाला तार टेकली की बारीक चरचरते. ती चरचर ऐकायला ते मान वाकडी करून खाली झुकत होते. चेहरा असा निवांत, की मी तसा घरात कधी बघितला नव्हता. ओरडले असते तर दचकून तारेवर गेले असते. मी थांबले, तोंड मिटलं आणि सूर धरला. हंऽऽऽ. जेवायला बोलवायचा तोच. छाती फुटेस्तोवर धरला. पण गावाकडून डीजेचे दणके येत होते आणि माझा सूर मलाच ऐकू येत नव्हता. त्यांनी आणखी मान वाकवली.

पुढचं सांगत नाही.

देवाजी पोलिसांसमोर रडत होता. खोटं रडत नव्हता. पुन्हा पुन्हा एकच म्हणायचा, "त्याले त करंट समजत होता ना जी! सारा गाव म्हने." आमचे हे खाली मान घालून बसले होते. त्यांच्या पाठीवर हात ठेवायची इच्छा मला बरेच दिवस झाली नाही.

तेरवीला घर माणसांनी भरलं. आत बायकांचा आक्रोश, अंगणात पंगती, कुणाची पोरं रडत होती, कुणी तारेपायी मिळणाऱ्या नुकसानभरपाईचं बोलत होतं, आणि जो येईल तो मला तीच संध्याकाळ पुन्हा सांगायला लावत होता. माझं डोकं फुटायला आलं. भिंतीवर आपटावंसं वाटलं, खरंच. मी मागच्या दाराने बाहेर पडले. कुठे जाते ते कळत नव्हतं. कोपऱ्यावर गेले आणि त्या खांबाला दोन्ही हातांनी धरून कान टेकवला.

हळूहळू बायकांचं रडणं लांब गेलं. मग पंगतीचा गलका गेला. मागून सासूबाई हाका मारत होत्या, असं शेजारणीने पुढे सांगितलं. मला ऐकू आल्या नाहीत.

आत शांत होतं.