लाडवांच्या डब्यातला बर्फ

अबू धाबीच्या खलिफा सिटीतून सकाळी निघालो तेव्हा माझ्या मांडीवर लाडवांचा रिकामा स्टीलचा डबा होता आणि मागच्या सीटवर शेजारणींकडून उसने आणलेले स्वेटर. लेकीने, ईशाने, दारातच बजावलं होतं, "आई, ब्रिंग मी सम स्नो. प्रॉमिस!"

रास अल खैमाच्या डोंगरावर चक्क बर्फ पडला होता. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायचे, ही माझी नोकरी. पुण्यात असताना हिमालयातला बर्फ मी पडद्यावर मोजला होता. हाताला मात्र फक्त फ्रीजमधला लागला होता. आता आमच्या इजिप्शियन साहेबांना बर्फाची खोली हवी होती. चित्रात पांढरा डाग किती पसरलाय ते दिसतं, किती जाड आहे ते कळत नाही. आणि रात्री जोरदार पावसाचा अंदाज होता. नुसत्या पावसाच्या पुराची तिथल्या लोकांना सवय, घरं पुराच्या रेषेच्या वर बांधलेली. पण जाड बर्फ पावसाने वितळला तर पाणी त्या रेषेवर जाणार. वादीतल्या (डोंगरातल्या कोरड्या नदीतल्या) कुटुंबांना अंधाराच्या आत हलवायचं की नाही, हे आमच्या आकड्यावर ठरणार होतं. डबा गाडीच्या धक्क्याने पडू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला होता, एवढी धास्ती.

गाडी मेल्विन चालवत होता. हा वसईचा, आमच्या ऑफिसातला सर्व्हेअर. शारजात अपेक्षेप्रमाणे अडकलो.

"मॅडम, हा जाम सुटेपर्यंत बर्फच खलास होईल. मग मोजायचं टेन्शनच नाय."

मला हसू आलं नाही.

शारजा मागे पडलं, वाळू संपली आणि करडे, उघडेबोडके डोंगर अंगावर आले. वादीच्या तोंडाशी आम्हाला वर न्यायला हेलिकॉप्टर उभं होतं. शेजारच्या दगडी घरातून सईद नावाचे म्हातारे गृहस्थ गहवा (वेलचीची कोरी कॉफी) आणि खजूर घेऊन आले. नाही म्हणायची सोय नव्हती. घशाखाली कॉफी उतरतेय तोच त्यांनी हिंदीत विचारलं, "मॅडम, ऊपर बर्फ कितना? हमको जाने का?"

"देखके बताती हूँ, बाबा."

त्यांनी गोठ्याकडे हात केला. गाभण शेळ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "ये आज-कल में बच्चा देगा. चलेगा कैसे? इसको छोड़के मैं नहीं जाएगा."

म्हणजे हलवायचं ठरलं तर म्हातारा हलणार नव्हता. खजुराची बी मी मुठीतच धरून ठेवली.

वर उतरलो आणि वाऱ्याने कानशिलात लगावल्यासारखं झालं. बर्फ! एक क्षण मी सगळं विसरून बोटं खुपसली. पण पायलट ओरडला, "मॅडम, बादल आ रहा है. जल्दी!"

मेल्विन खुणा केलेली काठी खुपसत आकडे सांगू लागला. गुडघाभर. गुडघाभर. वीतभर. पुन्हा गुडघाभर. एवढा बर्फ म्हणजे सईदबाबांचं घर गेलंच.

"वीतभरवाले सोडा," मेल्विन म्हणाला. "काठी दगडावर आपटली. वाळूत आपण तेच करतो ना? अडली की बाजूला पुन्हा मारायची. खोल जाईल ते खरं."

बरोबर होतं. पाइपलाइनसाठी वाळू मोजताना आम्ही सगळे असंच करायचो. पण पिशवीतून उपग्रहाच्या चित्राचा कागद काढला आणि मी थबकले. पांढरा डाग शुभ्र नव्हता, करडा होता. समोरही बर्फातून जागोजाग दगडांची डोकी दिसत होती. गुडघाभर बर्फात एवढेसे दगड दिसतील कसे?

"मेल्विन, खणायचं!"

"मॅडम, ढग बघा!"

"बघितले. खण!"

हातांनीच उकरला. वीतभर बर्फ, त्याखाली एकमेकांवर रचल्यासारखे सुटे दगड आणि दगडांमध्ये नुसती पोकळी. वाळू फटी भरून टाकते. हा बर्फ फटींवरून ताणलेल्या चादरीसारखा पसरला होता आणि काठी फट सापडली की खाली घसरत होती. खोल आकडेच खोटे होते. दुसरीकडे खणलं, तिसरीकडे खणलं, वीतभरच. डबा उपडा घालून थेट दगडापर्यंत दाबला, बर्फासकट उचलला आणि झाकण लावलं. ढगाची पहिली चिंधी अंगावरून जात असताना आम्ही उडालो.

खाली गाडीचा हीटर लावून डबा समोर धरला. बर्फ वितळला. तळाशी दोन बोटं पाणी, म्हणजे पावसाच्या पाण्यात बर्फाची भर एवढीच.

साहेबांना फोन करून सांगितलं, बर्फ वीतभरच, कुणाला हलवायची गरज नाही. "हबीबती (पोरी), आर यू शुअर? तिथे माणसं आहेत."

"यस सर."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी रोज ऐकायचे, पण त्या दिवशी तो ऐकून मी डब्यातलं पाणी पुन्हा बोटांनी मोजलं.

सईदबाबांना म्हटलं, "जाने का नहीं. लेकिन वादी में उतरना मत." ते आणखी खजूर देऊन गोठ्याकडे वळले.

दुबई ओलांडली तोच पाऊस सुरू झाला. वायपर पुरे पडेनात. मेल्विनने आरशाला लटकवलेल्या क्रुसाला दोनदा हात लावला. मी मनात अथर्वशीर्ष म्हणत होते आणि मध्येच विसरत होते.

घरी ईशाने झडप घालून डबा उघडला. "दॅट्स ऑल, आई? इट्स जस्ट वॉटर!" ती फुरंगटून आत गेली. मी डबा ओट्यावर ठेवला आणि त्या दोन बोटांकडे बघत बसले. एवढ्याशा पाण्याच्या भरवशावर मी एका म्हाताऱ्याला पावसात ठेवून आले होते. माझ्यासारखी मूर्ख मीच, असं शंभरदा वाटलं.

सकाळी मेल्विनचा फोन आला. "मॅडम, सईदबाबांशी बोललो. पाणी नेहमीच्या रेषेखालीच राहिलं. आणि एक शेळी व्याली. जुळी!"

फोन ठेवून मी डबा उचलला आणि गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत रिकामा केला. तेवढ्याने कुंडीची मातीसुद्धा पुरती भिजली नाही. ते पाहिलं आणि मला रडू फुटलं.