प्रश्न सदतिसावा: झेनॉन आणि फ्लोरिन

झरीजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या प्रयोगशाळेच्या एका भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं: ‘राजवायू कोणाशीही संयोग पावत नाहीत.’ अक्षर माझ्या वडिलांचं. निवृत्त होईपर्यंत ते त्या शाळेत विज्ञान शिकवत. हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन ही नावं पाठ झाली की ते भिंतीकडे बोट दाखवत आणि सगळा वर्ग ते वाक्य मोठ्याने म्हणे. इलेक्ट्रॉनच्या जागांना ते खाटा म्हणत आणि कारण असं सांगत: “घरातल्या सगळ्या खाटा भरलेल्या. बाहेरून कुणाला आणायचं न्हाई, घरातलं कुणाला द्यायचं न्हाई. मग सोयरीक कशाला करतील?”

या खाटांवर पहिली हरकत माझ्या धाकट्या बहिणीने घेतली, बारावीत असताना. तिच्या पुस्तकात झेनॉनची संयुगं दिलेली होती. झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या भांड्यात एकत्र तापवले की झेनॉन डायफ्लोराइडचे स्फटिक तयार होतात.

“बाबा, झेनॉनचं घर लय मोठं हाय,” ती म्हणाली. “पार बाहेरच्या खाटेवर कोण निजलंय, त्याच्यावर घरच्याची पकड राहत न्हाई. फ्लोरिन त्यालाच ओढतो.”

“पुस्तकं बदलत राहतात,” बाबा म्हणाले. भिंत तशीच राहिली.

पुढे बहीण सेलूच्या एका महाविद्यालयात कंत्राटी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली. दर वर्षी मुदत संपायची, दर वर्षी नवा अर्ज. मग गावातली शाळा चालवणाऱ्या संस्थेने कायम सहायकाची एक जागा काढली. वयाच्या अटीमुळे तिला ही शेवटची संधी होती. लेखी परीक्षा झाली. निकालाच्या यादीत ती दुसरी आली. पहिला उमेदवार एका गुणाने पुढे होता.

उत्तरसूची लागली त्या दिवशी मी घरी होतो. ती प्रश्नपत्रिका घेऊन बाजेवर बसली आणि खुणा करत सदतिसाव्या प्रश्नापाशी थांबली. झेनॉन आणि फ्लोरिन यांची अभिक्रिया होते का, असा तो प्रश्न. तिने पर्याय ‘ब’ निवडला होता: उष्णता दिल्यास होते. उत्तरसूचीत ‘अ’ बरोबर होता.

“अ काय हाय?” बाबांनी विचारलं.

तिने वाचायला सुरुवात केली, “होत नाही, कारण झेनॉन…”

“…हा तृप्त घराप्रमाणे असून देणे-घेणे करीत नाही,” बाबांनी पुरं केलं.

त्यांच्यासमोर कागद नव्हता. ते उठले, पत्र्याच्या पेटीतून एक दोनशे पानी वही काढून आणली. निवृत्त होताना त्यांनी शाळेला प्रश्नांच्या वह्या दिल्या होत्या. ही त्यांची कच्ची प्रत. प्रश्न शब्दाला शब्द तोच होता. शेजारी लाल शाईत ‘अ’.

हिशेब सरळ होता. पहिल्या उमेदवाराने ‘अ’ लिहिलं होतं. दोघांची प्रश्नवार गुणपत्रकं फलकावर होती. उत्तर दुरुस्त झालं तर त्याचा एक गुण जाणार, बहिणीला एक मिळणार, आणि जागा तिची. प्रश्नच रद्द झाला तर त्या प्रश्नाचा गुण सगळ्यांना, म्हणजे दोघं बरोबरीत; बरोबरीत बारावीचे गुण पाहतात, ते त्याचे जास्त, म्हणून ती दुसरीच. वही बाहेर आली तर आणखी एक शक्यता होती: घरातच प्रश्न होते, म्हणून तिला बादच करतील.

“तुमी काहीच बोलायचं न्हाई,” बहीण म्हणाली. “माझ्याकडं पुस्तक हाय. पान दाखवते, सही करते, निघते.”

बाबा वहीची पानं उलटत राहिले. मीही बहिणीच्याच बाजूने बोललो. कुणी विचारणार नाही, मग सांगायचं कशाला. मी वर्तमानपत्रात बातम्या तपासतो; असं काही दडवलेला मजकूर दुसऱ्या कुणाच्या बातमीत आला असता तर मी तो परत पाठवला असता.

सोमवारी अकराला परभणीत संस्थेच्या कार्यालयात तिच्या हरकतीवर सुनावणी होती. समितीत तिघे. अध्यक्ष आमच्याच गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, बाबांचे जुने विद्यार्थी. बाबांना पाहून ते खुर्चीतून उठले. दुसरे सदस्य जाड चष्म्याचे, तिसऱ्या बाई गणिताच्या.

बहिणीने बारावीचं पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. तापमान, भांडं, समीकरण, सगळं एका पानावर. बोलायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

अध्यक्ष पान वाचून हसले. “सर, आता काय करावं? आमी तर तुमचं वाक्य रोज सकाळी ओरडायचो. तुमीच शिकवलं, कुणाशी संयोग न्हाई.”

“चुकीचं शिकवलं,” बाबा म्हणाले.

बहिणीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“पोरगी बारावीला होती तवाच मला सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई. आन् हा प्रश्न माझाच हाय.” त्यांनी पिशवीतून वही काढली आणि पुस्तकाशेजारी ठेवली. ती त्यांनी सोबत घेतल्याचं आम्हा दोघांना माहीत नव्हतं.

चष्मेवाल्या सदस्यांनी वही ओढून घेतली. “म्हणजे प्रश्न तुमच्या घरात होते?”

“होते.”

“आन् उमेदवार तुमची मुलगी?”

“हो.”

“मग आता हरकत सोडा, हिची परीक्षाच…”

“हिनं वही बघितली असती तर अ लिवलं असतं की हो,” अध्यक्ष म्हणाले.

“हा एक झाला. बाकीचे?”

गणिताच्या बाईंनी प्रश्नपत्रिका आणि वही शेजारी ठेवून एकेक प्रश्न ताडून पाहायला सुरुवात केली. त्याला पाऊण तास लागला. कुणाला बाहेर जायला सांगितलं नाही आणि कुणी गेलंही नाही. बहीण हातातला पेन उघडत होती, बंद करत होती. शिपाई चहा ठेवून गेला, तो निवला. वहीतले सात प्रश्न निघाले. बाईंनी बहिणीची उत्तरपत्रिका मागवली. त्या सातांपैकी सदतिसावा धरून तीन तिचे सूचीप्रमाणे चुकलेले होते.

“पाठ करून आलेली पोरगी तीन चुकवत न्हाई,” बाई म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी वही मिटली.

तिची उमेदवारी राहिली. प्रश्न मात्र राहिला नाही. प्रश्न काढणाऱ्यानेच तो चुकीचा म्हटला आणि त्याचं उमेदवाराशी नातं आहे, तेव्हा उत्तर तिच्या बाजूने बदलता येणार नाही, असं तिघांनी लिहिलं. सदतिसावा प्रश्न रद्द, सर्वांना एक गुण. नुसतं पुस्तक दाखवलं असतं तर काय केलं असतं, हे मी अध्यक्षांना दारात विचारलं. “दुरुस्त केलं असतं,” ते म्हणाले, आणि बाबांकडे न बघता आत गेले.

स्टेशनपर्यंत रिक्षात तिघं होतो. बहीण रिक्षातून उतरली आणि मागे न पाहता सेलूच्या गाडीत जाऊन बसली.

पुढच्या रविवारी बाबांनी शाळेची किल्ली मागून घेतली. पांढऱ्या रंगाचा डबा, निळ्याची छोटी डबी आणि दोन ब्रश त्यांनी झरीहून आणले होते. स्टुलावर चढून ते वाक्यावर पांढरा हात मारत होते तेव्हा बहीण दारात आली. फोन मी केला होता. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

“उतरा, पडाल,” ती म्हणाली.

ते उतरले नाहीत. तिने येऊन स्टूल धरलं. दोन हात मारूनही निळी अक्षरं खालून दिसत होती. तिसरा हात मारला. दुपारपर्यंत रंग वाळायची वाट पाहिली. ती एका बाकावर, ते दुसऱ्या.

मग बाबा निळा ब्रश घेऊन पुन्हा चढले. “सांग.”

“झेनॉन अधिक फ्लोरिन. बाण काढा. पुढं झेनॉन डायफ्लोराइड. बाणावर लिहा, निकेलचं भांडं.”

“तापमान?”

“चारशे अंश सेल्सिअस.”

चारशेचं दुसरं शून्य खाली ओघळलं. त्यांनी ते चिंधीने पुसून पुन्हा काढलं आणि मागे न वळता विचारलं, “बरोबर?”

बहिणीने एका हाताने स्टूल धरून ओळ पहिल्यापासून वाचली.

“बरोबर हाय,” ती म्हणाली. “आता उतरा. माझी पाचची गाडी हाय.”