कोबेची चढण आणि एक न छापलेलं नाव

आमच्या तोक्योच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक सोमवारी छापायला जाणार होता आणि माझ्या पानावर ‘कवी :’च्या पुढे अजून रिकामी जागा होती. म्हणून शनिवारी सकाळी मी कोबेला निघाले.

झालं असं, की पुण्यात शिकलेलं स्पॅनिश गंजू नये म्हणून मी तोक्योत हिगाशी-कसाईतल्या घरी बसून ऑनलाइन क्लास करते. शिकवणारे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सत्तरीचे, मूळचे स्पॅनिश बोलणाऱ्या देशातले, आता कोबेत राहतात. एकदा त्यांनी एक निनावी कविता कागदाकडे न बघता शिकवली आणि ती त्यांचीच आहे हे मी ओळखलं. स्वतःच्या देशात ते मोठे कवी होते, सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून हाकलले गेले. मी कवितेचा मराठी अनुवाद केला आणि छापायची परवानगी मागितली. उत्तर आलं, “आधी समोर येऊन वाचा.”

“म्हणजे तडीपार कवी,” नवरा म्हणाला.

“हद्दपार. तडीपार गुंड असतात.”

“बरं. तिखटमिठाच्या पुऱ्या ने त्यांना.”

तोक्यो स्टेशनहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, शिन-कोबे पावणेतीन तास, एकेरी साधारण पंधरा हजार येन. फुजी बघायचा तर उजवीकडची खिडकी घ्या. मी डावीकडची घेतली आणि फुजी दुसऱ्यांच्या फोनमध्ये पाहिला.

शिन-कोबेहून सेन्सेईंच्या घरापर्यंत चालत जाता येतं, पण चढ असा की पुऱ्यांचा डबासुद्धा जड होतो. इमारतीखाली एक आजी कावळ्यांपासून कचरा झाकायची जाळी घडी करत होत्या. “इथे कवी राहतात ना?” मी विचारलं.

“कवी? नाही. सेन्सेई राहतात. प्लास्टिक कुठल्या वारी टाकायचं ते नव्या भाडेकरूंना तेच समजावतात.”

ज्यांच्या कविता तिकडे शाळेत पाठ करून घ्यायचे, त्यांची इथली ओळख ही! मला वाईट वाटलं. सेन्सेईंना सांगितलं तर ते खूश. “त्या आजी सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत,” म्हणाले आणि तिसरी पुरी उचलली.

मी मराठीत वाचलं, मग एकेका ओळीचा अर्थ जपानीत सांगितला. “विमानतळावर त्यांनी माझ्या बायका काढून घेतल्या...”

“किती?” सेन्सेईंनी विचारलं.

“तेवढं कवितेत नाही.”

ते चष्मा काढून, डोळे पुसून हसले. ‘एस्पोसास’ म्हणजे बायका, पण हातकड्यांनाही तोच शब्द. मग मनगट चोळत म्हणाले, “विमानात चढवताना काढल्या होत्या.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आमच्याकडे लग्न ठरलं की बेडीत अडकला म्हणतात,” मी कसंबसं म्हटलं.

ते पुन्हा हसले. “मग बेडीच लिहा. कविता छापा.”

“आणि नाव?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांची बहीण अजून तिकडेच आहे. यांचं नाव कुठे दिसलं की तिच्या दारात पोलीस. देश सोडल्यापासून त्यांनी स्वतःच्या नावाने एक ओळही छापलेली नाही. मी पेन काढून ‘निनावी’ लिहिलं.

“तुमच्या लिपीत माझं नाव कसं दिसतं?” त्यांनी विचारलं.

मी लिहून दाखवलं. त्यांनी वरच्या रेघेवरून बोट फिरवलं. “हे तिकडे कुणाला वाचता येईल?”

“फोनला येईल,” मी खरं सांगितलं.

“नेटवर नको मग. कागदावर कोण वाचेल?”

“मंडळातली माणसं. त्यातली निम्मी फराळाच्या पाककृतीच वाचतील.”

“मग छापा. पूर्ण नाव. आईचं आडनावही,” सेन्सेई म्हणाले. त्यांच्याकडे नावात दोन्ही आडनावं असतात.

परतीच्या गाडीत मी उजवीकडे बसले, पण येताना फुजी डावीकडे असतो, त्यामुळे बाजू पुन्हा चुकली. पण त्या दिवशी मला कशाचंच वाईट वाटणार नव्हतं.

अंक आला, त्यांना एक प्रत पाठवली. परवाच्या क्लासला त्यांनी एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर स्वतःचं नाव त्यांनी देवनागरीत गिरवलं होतं, आधी अख्खी रेघ ओढून मग खाली अक्षरं टांगलेली. बाकीच्या विद्यार्थ्यांना वाटलं, नक्षी आहे. मला मात्र रडू आलं.

त्यांचं नाव या ब्लॉगवर मिळणार नाही. हिगाशी-कसाईला कधी आलात तर घरी या, मोठ्याने वाचून दाखवते.