तुकोजीअण्णांचा ओळंबा

रंधा मारत बसलं की पायाशी ढलप्या कधी साठतात ते कळत नाही. आमच्या धंद्यातल्या किश्शांचंही तसंच झालं. आम्ही तिघं होतो: तुकोजीअण्णा गवंडी, मुनिस्वामी प्लंबर आणि मी सुतार. साठ सालाच्या आगेमागे बंगळूरचं राजाजीनगर नुकतं वसत होतं. रोज नवा पाया, रोज नवा मालक. सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात भेटायचं, एका कॉफीचे दोन कप करायची ती बाय-टू कॉफी तिघांत कशी करायची यावर भांडायचं आणि आपापल्या कामाला सुटायचं. आम्हाला साहेब नव्हता, त्यामुळे सुट्टी देणारंही कोणी नव्हतं!

*

तुकोजीअण्णांना ‘नाही’ म्हणता येत नसे. कोणीही बोलावलं की, "सरी, उद्या येतो." सरी म्हणजे कानडीत ‘बरं, ठीक’. मालकाचा विश्वास बसावा म्हणून गवंड्याने एखादं हत्यार त्याच्या घरी ठेवून जायचं, अशी तेव्हा रीतच होती. हत्यार आहे म्हणजे माणूस परत येणार.

एकदा अण्णा गिलाव्याला उभे राहिले, तर थापीच नाही. थापी एका घरी, घमेलं दुसऱ्या घरी, पाणसळ तिसरीकडे. जवळ फक्त ओळंबा, कारण तो अण्णा कुणाकडेच ठेवत नसत. दोरीला लोंबणारा तो पितळी लट्टू म्हणजे त्यांचा जीव. "माझी एक भिंत वाकडी दाखवा, पाडून नवी बांधून देतो," असं ते सगळ्यांना ऐकवायचे.

मालक वैतागून म्हणाला, "अण्णा, एका वेळी कामं तरी किती घेता?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "हत्यारं संपेपर्यंत!"

*

मुनिस्वामी हुशार. रविवारी तो कामाला हात लावत नसे. एका रविवारी एक नवीन गिऱ्हाईक दारात आलं. मुनिस्वामीनेच दार उघडलं आणि तोंड वर करून सांगितलं, "मुनिस्वामी गावाला गेलाय. मी त्याचा धाकटा भाऊ."

"प्लंबिंग येतं?"

खोटं बोलायला तयार असलेला हा गडी इथे मात्र कचरला. धंद्याचा अभिमान आडवा आला! "येतं की," म्हणाला. गिऱ्हाइकाने त्याला तसाच रिक्षात घातला. संध्याकाळपर्यंत तीन नळ बदलून घेतले आणि निघताना पाठ थोपटली.

"तुमचं काम छान आहे. यापुढे थोरल्याला पाठवू नका, दर रविवारी तुम्हीच या!"

*

मी दोघांना हसायचो, पण माझ्या घराच्या न्हाणीला दार नव्हतं. पाच वर्षं नुसता पडदा! बायको सांगून थकली. माझं ठरलेलं उत्तर, "हे एवढं काम संपू दे."

एक दिवस मी एका बंगल्यावर चौकट बसवत होतो. फाटकाशी दोन गिऱ्हाइकं वाट बघत उभी होती आणि त्यांच्या मागे, डोक्यावर पदर घेऊन, आमची ही! नंबर आल्यावर ती पुढे झाली.

"मिस्त्री, एक दार करायचं होतं. घर माहीत आहे, की पत्ता सांगू?"

*

आता सावित्रक्का. धारवाडकडच्या निवृत्त शिक्षिका, मराठी-कन्नड दोन्ही फर्डं. घर बांधताना छत्री घेऊन त्या दिवसभर उन्हात उभ्या असत. ही वीट स्वल्प फुटकी, तो कोपरा स्वल्प जाड. मी खिडकीला एकच स्क्रू कमी मारला होता, तर तो त्यांनी मोजून काढला.

गृहप्रवेशाला दोन दिवस उरले आणि व्हरांड्याची भिंत बाकी. तुकोजीअण्णांना सणसणून ताप. तरी ते आले, कपाळाला फडकं बांधून भिंत उभी केली. आता अक्का काय काय काढतात म्हणून आम्ही जीव मुठीत धरून उभे. अक्कांनी भिंत बघितली, अण्णांचे लाल डोळे बघितले.

"सरी आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. मुनिस्वामीने मला चिमटा काढून बघायला सांगितलं.

*

पुढे चारेक वर्षांनी अण्णा चक्कर येऊन परांचीवरून पडले. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी छाती तपासून महिनाभर सक्तीची विश्रांती सांगितली. "ऐकलं नाहीत तर पुढच्या वेळी मला बोलावू नका," असं बजावलं.

पण घरोघरी हत्यारं पडलेली! एकेक जण दारात यायचा, "अण्णा, तुमची थापी आमच्याकडे आहे हो..." चौथ्या दिवशी अण्णा सायकल काढून निघाले. त्यांची बायको सरसक्का माझ्याकडे रडत आली. मला खरंच भीती वाटली. हा माणूस ‘सरी, सरी’ म्हणतच जाणार, असं वाटलं.

मी सावित्रक्कांकडे गेलो. दुसऱ्या दिवशी अक्का छत्री घेऊन अण्णांच्या दारात हजर!

"तुकोजीराव, महिनाभराचं काम आहे. दुसरं कुणाचं घ्यायचं नाही."

अण्णा सवयीने म्हणाले, "सरी अक्का."

अक्कांच्या घरी पोचले तर व्हरांड्यात आरामखुर्ची मांडलेली, वर उशी. अक्कांनी ओळंबा मागून घेतला आणि कपाटात घालून कुलूप लावलं.

"काम कसलं, अक्का?"

"झोपायचं. मी देखरेख करते."

गिऱ्हाइकं तिथेही आली. अक्का फाटकातूनच परत पाठवायच्या, "माझं काम संपलेलं नाही!" अण्णा चुळबुळत पडून राहायचे. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. सरसक्का डबा घेऊन यायची, ती आता हसत यायची.

एका दुपारी मी तिथेच खिडकीचं बिजागर बदलत होतो. अक्का तांदूळ निवडत होत्या. अण्णा पडल्या पडल्या समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग एक डोळा मिटून बघितलं. मग दुसरा. ताडकन उठून बसले.

"अक्का, ओळंबा द्या जरा. ही भिंत स्वल्प वाकडी दिसते!"

अक्कांनी ताटातून मानसुद्धा वर केली नाही.

"माहीत आहे. गृहप्रवेशापासून माहीत आहे. झोपा!"