दोन्ही हात सोडून बसणं

"मास्तर, हा कुठला मासा म्हणाचा?" पारूबाईंनी हातातली प्लॅस्टिकची बाटली माझ्या नाकासमोर नाचवली. "सांगा ना. बांगडा, का हलवा?"

मी मुलुंडच्या एका रिहॅब सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. बाकीचे पेशंट मला डॉक्टर म्हणतात. पारूबाईंच्या मते जो गोळी देत नाही आणि नुसत्या शिक्षा करतो, तो मास्तर.

त्या वेसाव्याच्या. अंधेरीच्या मार्केटात तीस वर्षं मासळी विकलेली. आवाज असा, की त्यांनी 'पापलेट' अशी हाक दिली की एअरपोर्टवर उतरणारं विमान दचकून पुन्हा वर जायचं. धक्क्यावरून माल आणताना टेम्पोतून पडल्या आणि पाठीचा मणका मोडला. मणक्यांच्या आतून स्पायनल कॉर्ड जाते, ती म्हणजे शरीराची मेन वायर. तिला इजा झाली की पाय असतात, पण त्यांच्यापर्यंत निरोप पोचत नाही. पारूबाईंना बेंबीखाली हालचाल नव्हती आणि स्पर्शही कळत नव्हता.

आमच्या मॅडम डिपार्टमेंटच्या हेड. त्यांनी पारूबाईंच्या गोल शीटवर, म्हणजे पेशंटला काय जमवायचं त्या कागदावर, लिहिलं होतं: व्हीलचेअरवरून घरकाम.

"घरकाम मना आधी पन जमत नवतं," पारूबाई म्हणाल्या. "मना माझ्या जागेवर बसाचं हाय."

जागा म्हणजे मार्केटातला दगडी ओटा, सासूकडून आलेला. सध्या तिथे नणंद बसत होती, कुंदा.

अडचण अशी, की मासा कापायला दोन्ही हात लागतात. एका हातात मासा, दुसऱ्यात कोयता. आणि कंबरेखाली जोर नसलेला माणूस दोन्ही हात सोडून बसला, की छत्रीसारखा मिटतो. म्हणून आम्ही बाटल्या धरून तोल सांभाळायची प्रॅक्टिस घेत होतो. बाई दर वेळी बाटली फेकून द्यायच्या.

शेवटी मी एक अख्खी सुरमई घेऊन हॉलमध्ये गेलो.

निम्म्या शाकाहारी मुलुंडमध्ये! वास जिन्याने उतरला, तो थेट घाटकोपरला पोचला म्हणतात. तीन महिने मान न उचलणारे शहाकाका पलंगावर ताठ बसले. (हे थोडं वाढवून सांगतोय. थोडंच.)

मॅडम धावत आल्या. "समीर, हे रिहॅब आहे की बंदर?"

"मॅडम, ही थेरपी आहे."

"मग गच्चीवर कर तुझी थेरपी. आणि मधल्या तुकड्या माझ्या डब्यात टाक."

गच्चीवर पारूबाईंनी फळीवर बैठक मारली, पाण्याच्या टाकीला पाठ टेकवली आणि कोयता धरला. मी स्टॉपवॉच लावलं. बाटलीबरोबर अर्धं मिनिट टिकणारी बाई सुरमईबरोबर मिटेचना! दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी जागच्या जागी नाचत होतो. त्या नादात माझ्याकडून मोठी चूक झाली.

अशा पेशंटने दर पंधरा मिनिटांनी हात टेकून बूड उचलायचं असतं. आपल्याला बसून रग लागते, आपण सरकतो. त्यांना रग कळतच नाही. हाडाखालची कातडी मुकाट्याने मरते, जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. हे मी विद्यार्थ्यांना ओरडून शिकवतो. आणि पारूबाईंना त्या दिवशी पाऊण तास न उचलता बसवलं.

कपडे बदलताना नर्सला लाल डाग दिसला. मॅडम माझ्याशी एवढंच बोलल्या, "दोन आठवडे बसणं बंद."

पारूबाई पालथ्या पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला गेलो. उशाशी मोबाइल होता, स्पीकर चालू. कुंदाने तिकडे फोन ओट्यावर ठेवून दिला होता. मार्केट ऐकू येत होतं: बर्फ फोडल्याचा आवाज, कोणाचं तरी भांडण, "ए ताई, ताजी हाय, बघ तरी." मी उभा राहिलो. पारूबाईंची बोटं चादरीवर हलत होती, खवलं काढल्यासारखी.

मी माफी तशीच खिशात घालून परत फिरलो.

डाग गेला. महिन्याभराने आम्ही अंधेरीला गेलो. मार्केटातल्या चार बायका उचलायला धावल्या.

"हात नका लावू! उचलतात ती मयताला." त्यांनी व्हीलचेअर ओट्याला लावली, मधे गुळगुळीत फळी टाकली आणि हातांच्या जोरावर स्वतः सरकत गेल्या. खाली हवेची उशी, बर्फाच्या पाण्यासाठी तिला प्लॅस्टिकचं कव्हर, पाठीमागे खांब. कुंदा न सांगता बाजूला सरकली.

पहिली गिऱ्हाईक बाई म्हणाली, "जरा कमी करा ना."

पारूबाईंनी दोन्ही हात ओट्यावर रोवले आणि अख्खं अंग वर उचललं. "कमी? अजून कमी?" गिऱ्हाईक दोन पावलं मागे. बूड किती सेकंद वर राहतं ते मी मनात मोजत होतो. अंधेरीत पंधरा मिनिटांत एकदा तरी घासाघीस होतेच. मी आणलेलं अलार्मचं घड्याळ बाईंनी कुंदाला देऊन टाकलं.

आता त्या रोज दोन तास बसतात.

त्या पहिल्या दिवशी परतताना मी गाडीत विचारलं, "खूश ना?"

"बसाचं जमलं मास्तर." त्या बाहेर बघत होत्या. "होडी लागते तवा आम्ही गुडघाभर पान्यात उभ्या रातो. पाटी घ्यायला. पहाटेचं पानी, असं थंड लागतं पायांना." गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तेवढं थंड लागलं असतं तर..."

यावर मला एकही व्यायाम येत नाही.

हल्ली नव्या पेशंटला मी पहिल्याच दिवशी विचारतो, तुम्हाला कुठे बसायचंय? उत्तर ऐकून कामाला लागतो. जे परत येणार नाही, त्याबद्दल काही विचारत नाही. ते पेशंट स्वतःच सांगतात, आणि ऐकून घ्यावं लागतं.