रायापूरच्या पाण्याचा आकडा

ही गोष्ट पाच वर्षं मी कुणालाही सांगितली नव्हती. अप्पांना नाही, आईला नाही, सप्तापूरच्या खोलीत दोन वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर झोपलेल्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगणं त्या मानाने सोपं आहे. माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायची सवय तुम्हाला अजून लागलेली नाही.

आधी मी कोण ते सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. मी रसायनशास्त्र शिकले. हुबळीच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासते — विहिरींचं, बोअरचं, कारखान्यांचं. अहवालाखाली माझी सही असते आणि त्या सहीला किंमत आहे. मी माझ्या कामात चांगली आहे. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. एखादं मोजमाप शंकास्पद वाटलं तर मी ते तीनदा करते. हाताखालची मुलं माझ्या या काटेकोरपणाला वैतागतात. तो आला कुठून, हे त्यांना ठाऊक नाही.

आम्ही अळणावरचे. अप्पा तिथल्या लाकूड डेपोत कारकून. पदवीची तीन वर्षं मी अळणावरहून धारवाडला रेल्वेने ये-जा करून काढली. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा मात्र ते शक्य नव्हतं. प्रात्यक्षिकं संध्याकाळपर्यंत चालायची. धारवाडात राहणं भाग होतं. कुठे, एवढाच प्रश्न.

अप्पांच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता. त्यांची धाकटी बहीण — माझी आत्या — रायापूरला राहते, धारवाडबाहेर हुबळी रस्त्याच्या कडेला, स्वतःच्या तीन खोल्यांच्या घरात. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेले, मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागला, आणि आत्या ब्लाउज शिवत एकटी राहिली. मी येणार हे कळल्यावर तिने शिवणाचं मशीन मागच्या खोलीतून पडवीत नेलं. अप्पांनी अळणावरहून सागवानी फळ्या पाठवल्या आणि तिने सुताराकडून खिडकीखाली बसेल असं टेबल करून घेतलं. खिडकीतून मागचं परसू दिसायचं, पेरूचं झाड, आणि बोअरचा नळ. रायापूरच्या नळांना तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आत्याच्या बोअरला बारा महिने असायचं. शेजारच्या गंगव्वा घागरी घेऊन तिच्याकडेच येत.

माझ्यापुढे दुसरी जागा होती धारवाडातच, सप्तापूरची. एका निवृत्त प्राध्यापकांच्या घराचा वरचा मजला, तीन मुली, विभागापर्यंत चालत दहा मिनिटं. मी दोन्ही जागा पाहून आले आणि — मी तशीच आहे — एक कोष्टक केलं. अंतर, जेवण, सुरक्षितता, पाणी, अभ्यासाला शांतता. प्रत्येकाला महत्त्वानुसार गुण दिले आणि बेरीज केली.

रायापूर पहिलं आलं. मी गुण बदलून पाहिले, अंतराचं महत्त्व वाढवलं. तरी रायापूरच पहिलं.

मग मला सप्तापूर का हवं होतं? कोष्टकात त्याला रकाना नव्हता. सप्तापूरच्या त्या मुली पुढे कुठल्या संस्थेत संशोधन करायचं याबद्दल बोलत होत्या, मला त्या बोलण्यात बसायचं होतं. कुणी कुठे राहतेस विचारलं तर ‘सप्तापूर’ असं सांगायचं होतं. आत्याकडे मी तिच्या अण्णाची, म्हणजे अप्पांची, मुलगीच राहिले असते — दारात येणारी प्रत्येक बाई मला किती मोठी झालीस म्हणाली असती, आणि रोज पडवीतलं मशीन ओलांडून मी कॉलेजला गेले असते. हे सगळं अप्पांना सांगता आलं असतं. भांडण झालं असतं. बहुधा मी जिंकलेही असते. पण इच्छा मांडायची आणि ती केवळ इच्छा म्हणून टिकवायची, याचं मला धाडस झालं नाही. मला कारण हवं होतं. पक्कं, ज्याला कुणी प्रश्न विचारणार नाही असं.

तुमच्या लक्षात आलं असेल?

पदवीच्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प पाण्यातल्या फ्लोराईडवर होता. प्रमाण जास्त असेल तर ते पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने दात खराब होतात, सांधे धरतात. खोली पाहायला गेले त्या दिवशी मी आत्याच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, निव्वळ सवयीने. कॉलेजात तपासलं. एका लिटरला ०.४ मिलिग्रॅम. निर्धोक, उत्तम पाणी.

वहीतून पान काढून मी त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं — नमुना कुठला, पद्धत कोणती, निष्कर्ष २.४. शून्याच्या जागी दोन. खाली ‘पिण्यास अयोग्य’, आणि माझं नाव.

अप्पांनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, तुझं शिक्षण कामाला आलं बघ. आठवड्यात सप्तापूरची खोली ठरली.

इथवर तुम्ही म्हणाल, तरुणपणीचं खोटं. मीही स्वतःला तेच म्हणत आले. पण आत्याला ते सांगायला अप्पा मला घेऊन गेले तेव्हा ती काय म्हणाली, ते ऐका. तिने रिकाम्या टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “तरीच. दोन वर्सं झाली हे दुखतंय, का दुखतंय कळंना. बरं झालं गं अनू, तू बघितलंस.”

तिने माझे आभार मानले.

त्या दिवसापासून बोअरचं पाणी आत्याच्या घरात फक्त भांड्यांना आणि पेरूला. पिण्यासाठी ती रस्त्यापलीकडे जाऊ लागली. तिथे शुद्ध पाण्याचं केंद्र आहे, नाणं टाकलं की कॅन भरतो. दहा लिटरचा कॅन, रोज. माझं पान तिने स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवलं आणि येईल त्याला दाखवलं. गंगव्वांनीही बोअर सोडला. मी कधी रायापूरला गेले की त्या कुंपणापलीकडून कन्नडमध्ये टोमणा मारत — आली बघा, आमच्या पायांना कामाला लावणारी. आत्या हसायची. मीही हसायचे. अन् आत खिडकीखालच्या टेबलावर कॅन ओळीने उभे असायचे. शिवणाचं मशीन पडवीतून परत आत आलंच नाही.

गुडघा बरा होत नव्हता. मुलगा फोनवर म्हणायचा, डॉक्टरला दाखव. ती म्हणायची, कारण कळलंय, पाणी सोडलंय, हळूहळू उतरेल. डॉक्टर काय वेगळं सांगणार? जवळजवळ पाच वर्षं ती कुणाकडेही गेली नाही.

आणि मी? दोन वर्षं विद्यापीठात, मग प्रयोगशाळेत. गावोगावच्या पाण्याचे आकडे मी बिनचूक दिले. रायापूरचा तेवढा तसाच राहू दिला. एक फोन पुरेसा होता. पुन्हा तपासलं, आता ठीक आहे — असं दुसरं खोटं सांगूनही तिची फेरी थांबवता आली असती. मी तेही केलं नाही. पुन्हा तपासायचं म्हटलं तर कुणी पहिल्याबद्दल विचारेल, ही भीती. एवढ्या क्षुल्लक भीतीवर एक माणूस रोज रस्ता ओलांडत होतं.

अजून मुख्य ते सांगितलेलं नाही.

या वर्षी उजव्या पायावर भार देता येईना तेव्हा मीच आत्याला हुबळीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी क्ष-किरण चित्र उजेडावर धरलं आणि म्हणाले, झीज बरीच आहे, फार उशिरा आलात. आत्या सांगू लागली — अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आत्मविश्वासाने — की हे पाण्यामुळं झालंय, आमच्या मुलीनं तपासलंय, ही बघा, मोठ्या लॅबमधी असते. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि त्यांनी सरळ विचारलं.

“फ्लोराईड किती होतं?”

एकविसाव्या वर्षी मी लिहिलं तेव्हा परिणाम ठाऊक नव्हता, असं म्हणता येईल. त्या खोलीत मी सव्वीस वर्षांची होते. परिणाम उजेडावर टांगलेला होता. सहीचा अधिकार असलेली, तीनदा मोजणारी मी — आत्या माझ्याकडे अभिमानाने पाहत होती.

“दोन पूर्णांक चार,” मी म्हणाले.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, चित्रात तसं काही दिसत नाही, साधी झीज वाटते. वजन उचलता का? आत्याने कॅनचं सांगितलं. रोज? रोज. ते म्हणाले, दुखऱ्या गुडघ्यावर हे ओझं नेत होतात, त्यानेच बिघडलं.

परतताना बसमध्ये आत्या मला समजावत होती. अगं, पाणी सोडलं म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर दोन्ही गेले असते. घरी पोचल्यावर तिने कॅनमधलं पाणी तांब्यात ओतून माझ्यापुढे केलं. मी प्याले.

त्यानंतर तीन आठवडे गेले. मी बोअरचं पाणी पुन्हा आणलं आणि माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या हाताने तपासलं. तीनदा. ०.४. अहवाल छापला, सही केली आणि रविवारी रायापूरला गेले. परसातल्या नळाखाली ओंजळ धरून, आत्या दारातून नको नको म्हणत असताना, ते पाणी प्याले. मग तिला पायरीवर बसवून सगळं सांगितलं. कोष्टक, सप्तापूर, शून्य, दोन, डॉक्टर.

तिने पेरूच्या झाडाकडे पाहिलं. मला वाटलं होतं, गुडघ्याबद्दल बोलेल.

“मग खोलीत काय कमी होतं गं?” तिने विचारलं.

“काही नाही, आत्या. खोली चांगली होती. मला इथं राहायचं नव्हतं.”

“मग तसं म्हणायचंस की.”

एवढंच. ती कठड्याला धरून उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे अहवाल नेला. त्यांनी जुना आकडा खोडून नवा लिहिला आणि मान वर न करता पुढच्या रुग्णाला बोलावलं. अप्पांना मी सांगितलं आहे. ते सध्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. गंगव्वांना जाऊन सांगितलं. त्यांनी मला टोमणा मारला नाही.

सप्तापूरला राहायचा माझा निर्णय बरोबर होता, असं मी अजूनही म्हणते. तिथे राहिले म्हणून मी आज इथे आहे. पण त्या निर्णयाची झीज माझ्या गुडघ्यात झाली नाही.

आत्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. टेबलावरचे कॅन गेले, टेबल पुसून ठेवलेलं आहे. ती काठी टेकत बोअरपर्यंत जाते — बारा पावलं. रस्त्यापलीकडचं केंद्र तिच्या दारापासून चारशे बारा पावलांवर आहे, आणि चढायला सहा पायऱ्या. हा आकडा खरा आहे. परतीच्या वाटेवर, हातात भरलेला कॅन घेऊन, मी तो मोजला.